स्टिअरिंगची मागची बाजू

जुन्या गाडीचं स्टिअरिंग कुणी बनवलंय हे ओळखायचं असेल तर त्याच्या तोंडाकडे बघून काही उपयोग नाही. म्हणजे बघा हो, हौसेने बघा, हॉर्नच्या बटणावर मॉरिसचा नदी ओलांडणारा बैल असेल, एमजी या इंग्लिश गाडीचा अष्टकोन असेल, शेवरलेचा बो-टाय असेल, सगळे बिल्ले दिसायला मस्तच असतात. पण त्यावरून फार तर गाडी कळते, आणि आपल्याकडे तर तेही खात्रीने नाही, कारण बिल्ला दोन मिनिटात निघतो आणि दुसरा दोन मिनिटात बसतो. ज्याने ती रिम वाकवली, तारा ओढल्या, हब म्हणजे मधला गोल भाग ओतला, त्याचं नाव असलंच तर पाठीमागे असतं. ड्रायव्हरला कधी दिसणार नाही अशा जागी, ग्रीसच्या थराखाली.

मी हे एवढं ठामपणे सांगतोय कारण माझं पोटपाणीच मागच्या बाजूवर चालतं. चाकणला एका व्हेंडर कंपनीत आहे मी, प्लास्टिक मोल्डिंग. आम्ही बनवतो ते पार्ट तुमच्या गाडीत असतील, पण आमचं नाव तुम्ही कधी ऐकलं नसणार, आणि ऐकायचं काही कारणही नाही. पुढच्या बाजूला गाडीवाल्या कंपनीचा लोगो. मागे मात्र सगळी कुंडली. एक छोटं घड्याळासारखं गोल असतं, त्यातला बाण महिना दाखवतो आणि मधे साल, त्याला आम्ही डेट क्लॉक म्हणतो. शेजारी कॅव्हिटी नंबर, म्हणजे एकाच मोल्डमधे चार घरं असतील तर हा पार्ट कुठल्या घरातून निघाला ते. मग मटेरियलचा कोड. आणि कोपऱ्यात, जागा उरली तर, आमचा छोटा शिक्का. कस्टमरकडून कंप्लेंट आली की हे सगळं कामाला येतं, एरवी कोण बघतंय. पण एकदा ही सवय लागली की माणूस हॉटेलातली प्लास्टिकची खुर्चीसुद्धा उलटी करून बघतो. बायको आता बोलत पण नाही त्यावर.

तर हे स्टिअरिंग मामाचं. मामाचं सांगलीला गॅरेज होतं, होतं म्हणजे शटर अजून आहे, आत मामा पण असतो, गाड्या येत नाहीत. गुडघे गेलेत त्याचे. दिवाळीत गेलो तेव्हा म्हणाला, जे पायजे ते उचल, उरलेलं भंगारवाल्याला घालायचंय. भिंतीवर खिळ्याला हे टांगलेलं होतं, लहानपणापासून बघतोय, आम्ही पोरं ते काढून अंगणात ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळायचो आणि मामा ओरडायचा. ओरडायचा कारण त्याच्या मते ते एमजीचं आहे. "आरं एमजीचं हाय ते, संस्थानिकाच्या गाडीचं." कुठल्या संस्थानिकाच्या, ते दरवेळी बदलायचं. आमच्या त्या पट्ट्यात संस्थानांना काय तोटा, सांगली, मिरज, जमखंडी, कोल्हापूर, थोडं वर गेलं की औंध, फलटण. आणि गाड्यांचा शौक पण खराच, कोल्हापूरच्या दसऱ्याला ती मेबॅक अजून मिरवणुकीत निघते. त्यामुळे मामाचं म्हणणं अगदीच अशक्य कोटीतलं नव्हतं. एवढंच की पुरावा काही नव्हता.

स्टिअरिंग पुण्याला आणलं. आता जरा नीट सांगतो ते कसं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मोठं आहे, आजच्या गाडीच्या स्टिअरिंगपेक्षा चांगलंच मोठं आणि रिम एकदम बारीक, अंगठा आणि तर्जनीत सहज मावते. मोठं असायचं कारण सरळ आहे, पॉवर स्टिअरिंग नव्हतं, उभ्या गाडीचं चाक वळवायचं तर लांब तरफ हवी. आणि आरे म्हणजे एकेक जाड पट्टी नाही, बारीक पोलादी तारांच्या जुडग्या आहेत, हबपासून रिमपर्यंत शेजारी शेजारी ताणलेल्या. मधे तळहाताने दाबलं तर सगळं किंचित लवतं आणि सोडलं की परत जागेवर. याला स्प्रंग स्पोक म्हणतात. ब्रिटिश गाड्यांमधे १९३० च्या दशकात याची चांगलीच फॅशन होती, थोड्या स्पोर्टी गाड्यांना तर हमखास. यातल्या एका प्रसिद्ध प्रकाराला ब्रुकलँड्स म्हणायचे, ते लंडनजवळच्या ब्रुकलँड्सच्या रेसट्रॅकवरून. १९०७ साली बांधलेला तो ट्रॅक काँक्रीटचा, वळणांवर भिंतीसारखा चढवलेला, आणि काँक्रीट पुढे पुढे इतकं उखडलं की गाड्या अक्षरशः उडायच्या. कडक सस्पेन्शन, कडक टायर, सगळा दणका स्टिअरिंग रॉडमधून थेट मनगटात. म्हणून आरेच स्प्रिंगचे करायचे, म्हणजे थरथर तारांमधे मुरते. सोपं आणि हुशारीचं काम. आमच्या कंपनीत आज यालाच डॅम्पिंग सोल्युशन म्हणतील आणि त्यावर चाळीस स्लाइड करतील.

मधोमध हॉर्नच्या बटणाभोवती एक काळी रिंग उरली होती, त्यावर नाव होतं, लुकास. आता इथेच बरेच लोक गंडतात. लुकास म्हणजे बर्मिंगहॅमची कंपनी, गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं साम्राज्य होतं त्यांचं, दिवे, डायनामो, मॅग्नेटो, हॉर्न, आणि ते ट्रॅफिकेटर, म्हणजे दरवाजाच्या खांबातून बाहेर येणारा तो दिव्याचा हात, वळायच्या बाजूला. त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांना हॉर्न, डिपर आणि ट्रॅफिकेटरचा खटका असा सगळा डबा स्टिअरिंगच्या मधे असायचा. गंमत म्हणजे तो डबा स्टिअरिंगबरोबर फिरत नाही. कॉलम, म्हणजे स्टिअरिंग ज्यावर बसतं तो दांडा, त्याच्या पोकळीतून एक वेगळी नळी थेट खालपर्यंत जाते, खाली स्टिअरिंग बॉक्सला पक्की, आणि तो डबा त्या नळीच्या डोक्यावर बसवलेला, वायरी तिच्या आतून. चाक फिरतं, डबा जागेवर. म्हणजे लुकासचा तो तुकडा मुळात स्टिअरिंगचा भागच नाही, वेगळ्या नळीवर बसलेला पाहुणा आहे. त्यावरचं नाव स्टिअरिंगवाल्याचं समजणं म्हणजे स्विचबोर्डवरचं नाव वाचून बिल्डर ओळखण्यासारखं.

(रोल्स रॉइसची त्याहून मजा. जुन्या रोल्सच्या स्टिअरिंगच्या मधे छोटे दांडे असायचे, एक इग्निशन लवकर-उशिरा करायला, एक गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, हळू-जलद करायला, एक पेट्रोलचं मिश्रण पातळ-घट्ट करायला. ड्रायव्हरला इंजिन समजलं पाहिजे ही अटच होती. आता आपल्याकडे त्या जागी गाण्यांचा आवाज कमी-जास्त करायची बटणं असतात.)

मग रिम. रिमवर काळा थर, जागोजागी आडव्या भेगा, दोन ठिकाणी टवके उडून आतलं लोखंड दिसत होतं. मटेरियल ओळखलं की निम्मं काम होतं, आणि जुनं प्लास्टिक ओळखायचं सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे नाक. अंगठ्याने जोरजोरात घासायचं, गरम होईपर्यंत, आणि लगेच वास घ्यायचा. बेकेलाइट असेल तर दवाखान्यातल्या फिनाइलचा कडक वास येतो. एबोनाइट, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर, त्याला गंधकाचाच वास येतो, आणि ते उन्हाने काळ्याचं तपकिरी-हिरवट होतं, जुन्या फाउंटन पेनांचं होतं तसंच. अमेरिकन गाड्यांना १९३० च्या दशकापासून टेनाइट नावाचं प्लास्टिक बरंच वापरलं, ईस्टमन कंपनीचं, सेल्युलोजपासून केलेलं, त्यातल्या ब्युटिरेट प्रकाराला जुनं झाल्यावर जो वास येतो तो मी लिहीत नाही, लहान मूल प्रवासात गाडी लागल्यावर जे करतं त्याचा. ते आकसतं पण फार. आतलं लोखंड आकसत नाही, वरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं आकसत जातं, आणि मग आऱ्याच्या तोंडाशी तडकतं. जुन्या अमेरिकन गाड्यांची स्टिअरिंगं नेमकी तिथेच फुटलेली दिसतात ती यामुळे.

मी घासलं आणि कापराचा वास आला. अगदी स्वच्छ, ओळखीचा. आई आतून म्हणाली, आत्ता कसली आरती? म्हणजे सेल्युलॉइड. कारण सेल्युलॉइडमधे खरोखरच कापूर असतो, नायट्रोसेल्युलोजमधे कापूर मिसळूनच ते बनवायचे, १८७० च्या सुमारास अमेरिकेतल्या हायट बंधूंनी हे जमवलं. कंगवे, बाहुल्या, सिनेमाची रिळं, सगळं याचंच. आणि म्हणूनच सांगतो, वास घ्यायला तापवलेली सुई टोचायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बाकीच्या प्लास्टिकला चालेल, पण हे सेल्युलॉइड निघालं तर ते भडकन पेटतं. जुनी रिळं गोदामंच्या गोदामं जाळून गेली आहेत.

सेल्युलॉइड, बारीक रिम, तारांच्या जुडग्या, लुकासचा डबा. म्हणजे ब्रिटिश, आणि बहुतेक दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. मामाच्या एमजीला इथपर्यंत काही धक्का नाही.

आता हब पालथा घातला. स्टिअरिंग कॉलमवर बसतं ते दात्यांवर, स्प्लाइन म्हणतो आपण, किंवा जुन्या गाड्यांना सरळ किंवा निमुळतं भोक आणि ते घसरू नये म्हणून खाचेत बसणारी एक चावी. दाते मोजायचे, भोकाचा व्यास व्हर्नियरने घ्यायचा, आणि कुठल्या गाडीच्या कॉलमशी जुळतं ते बघायचं, ही गाडी ओळखायची सर्वमान्य पद्धत. विलायतेत चालते. आपल्याकडे हबच्या आत टॉर्च मारला की कळतं का चालत नाही. माझ्या हबच्या भोकात एक वेगळा बुश, म्हणजे आत बसवलेली नळी, होता. लेथवर फिरवून काढलेला साधा एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा बुश, आत ठोकलेला, आणि कडेने पितळेची पिवळी रेघ. ब्राझिंग, पितळ वितळवून केलेला जोड. दाते कापलेले त्या बुशात, हाताने कापल्यासारखे, एक-दोन जरा तिरकेच. मूळ हबचं भोक मोठं करून त्यात दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचे दाते बसवलेत. काम इतकं सुबक की मला कारागिराचा राग यावा की कौतुक वाटावं कळेना. मामाला फोन करून विचारलं तर म्हणाला, उद्यमनगरात करून आणलं असंल कुणीतरी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय होत नाही.

यामागचं कारण पण नुसता जुगाड जुगाड म्हणून सोडून द्यायचं नाही. स्वातंत्र्याआधी मुंबईत जनरल मोटर्सचा शिवडीला असेंब्लीचा कारखाना होता, १९२८ पासून, फोर्डची पण असेंब्ली होती, आणि विलायती गाड्या बंदरावर उतरायच्याच. स्पेअर मिळायचे. मग १९५३ मधे सरकारच्या टॅरिफ कमिशनने सांगितलं की इथे गाडी पूर्ण बनवायचा कार्यक्रम असेल त्यांनीच थांबावं, नुसते पेटीतले तुकडे जोडणाऱ्यांनी नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले. उरले ते कुर्ल्याचे वालचंद हिराचंदांचे प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कलकत्त्याजवळचे हिंदुस्थान मोटर्स, मद्रासचे स्टँडर्ड, आणि जीपवाले महिंद्र. धोरण म्हणून ते बरोबरच होतं असं माझं मत आहे, नाहीतर आज चाकण नसतं आणि माझी नोकरीही नसती. पण रस्त्यावर ज्या हजारो इंग्लिश-अमेरिकन गाड्या आधीच होत्या त्या अनाथ झाल्या. संस्थानिकाकडून डॉक्टरकडे, डॉक्टरकडून गुळाच्या व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून मिस्त्रीकडे असा त्यांचा प्रवास, आणि प्रत्येक टप्प्यावर एखादा पार्ट बदललेला. स्टिअरिंग तुटलं तर नवीन मागवायची सोय नाही, मग दुसऱ्या मेलेल्या गाडीचं काढा, बुश मारा, बसवा. त्यामुळे भारतातल्या जुन्या स्टिअरिंगचे दाते फक्त एवढंच सांगतात की ते शेवटी कुठल्या कॉलमवर बसलं होतं. जन्म कुठला, ते नाही.

म्हणजे गाडीचा रस्ता बंद. राहिला बनवणारा.

हबच्या पाठीमागे, बुशच्या बाहेरच्या कडेला, ग्रीस आणि धूळ यांचा मिळून एक डांबरासारखा थर होता. रॉकेल मिळणं आता अवघड, डिझेल आणि जुना टूथब्रश घेतला. सेल्युलॉइडला डिझेल लागू द्यायचं नाही म्हणून रिमला फडकं गुंडाळलं. थिनर तर लांबच ठेवायचा, सेल्युलॉइड त्यात विरघळतं. वायर ब्रश पण अजिबात नाही, जे काही उठवलेलं आहे ते त्याने आधी जातं. हळूहळू धातू दिसायला लागला आणि काहीतरी ठसा आहे हे नखाला लागलं, डोळ्याला नाही. आमच्याकडे इन्स्पेक्शनला एक साधी ट्रिक वापरतात, दिवा समोरून नाही मारायचा, बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर. खोलीतला दिवा बंद केला, मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. मग टाल्कम पावडर बोटाने चोळली आणि वरची पुसून टाकली, खाचेतली राहते. त्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिलने घासलं. पोरगी शेजारी बसून बघत होती, तिला वाटलं शाळेत पानांचं करतात तसलं काहीतरी.

सुरुवातीची अक्षरं बुशवाल्या मिस्त्रीने फाइल मारताना खाल्ली होती. उरलेली होती यू, ई, एम, ई, एल. पुढे एक अर्धवट वळण. आणि खालच्या बाजूला पॅट, म्हणजे पेटंट, आणि नंबर असावा अशी जागा, पण तिथे फक्त दोन आकडे वाचता येत होते.

ब्ल्यूमेल. दुसरं काही असूच शकत नाही.

कॉव्हेंट्रीजवळ वॉरविकशायरमधे वुलस्टन नावाचं गाव आहे, तिथली ही ब्ल्यूमेल ब्रदर्स. मुळात सायकलवाले लोक. सायकलचे हवा भरायचे पंप, मडगार्ड, यासाठी नाव होतं त्यांचं, आणि त्यांचे हलके पंप नि मडगार्ड सेल्युलॉइडचेच. आणि हीच कंपनी गाड्यांची स्टिअरिंगं करायची, ती ब्रुकलँड्स म्हणून जी तारांची प्रसिद्ध आहेत ती यांचीच. मला यातलं जे आवडलं ते म्हणजे वाट कशी सरळ आहे. कॉव्हेंट्रीचा सगळा भाग आधी सायकलींचा, मग तिथल्याच रोव्हर, ट्रायम्फ, सिंगर वगैरे सायकलवाल्यांनी मोटारी काढल्या, आणि त्यांना सामान पुरवणारे व्हेंडर पण त्यांच्या मागोमाग गेले. ज्याला लोखंडी नळीवर सेल्युलॉइड चढवता येतं त्याला लोखंडी रिंगवर पण येतं. नवीन काही शिकावं लागलं नाही, फक्त आकार बदलला. चाकणमधे आत्ता इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर आम्ही नेमकं हेच करतोय. पेट्रोल टाकीचे झाकण करणारा बॅटरीचं झाकण करतो.

पेटंटच्या नंबराबद्दल एक सांगून ठेवतो, कुणाच्या स्टिअरिंगवर पूर्ण नंबर असेल तर उपयोगी पडेल. ब्रिटिश पेटंटचे नंबर १९१६ पर्यंत दरवर्षी एकपासून सुरू व्हायचे, त्यामुळे तेव्हाच्या नंबराला साल लागतंच. १९१६ पासून १,००,००१ पासून सलग मोजणी सुरू झाली. म्हणजे नुसता सहा आकडी नंबर दिसला की तो त्यानंतरचा, आणि चार लाखांच्या घरातला असला तर १९३० चं दशक, साधारण ३३-३४ पासून पुढे. पण लक्षात ठेवायचं की याने फक्त एवढंच कळतं की वस्तू त्याच्या आधीची नाही. नंतरची कितीही असू शकते, एकदा मोल्डवर नंबर कोरला की तो कोण कशाला खोडतंय, आमच्याकडे बंद पडलेल्या कस्टमरचे कोड अजून मोल्डवर आहेत. आणि नुसतं प्रॉव्ह पॅट असं लिहिलेलं असेल तर पेटंट अजून मिळालेलं नव्हतं, अर्जच केला होता.

आता यावर कुणी म्हणेल की नार्डीच्या स्टिअरिंगवर तर पुढेच सही असते, मोमोचं पण नाव पुढेच असतं, मग तुझं मागच्या बाजूचं तत्त्वज्ञान गेलं कुठे. नाही गेलं. फरक कस्टमर कोण याचा आहे. एन्रिको नार्डी हा तुरिनचा माणूस, लान्चिया-फेरारीच्या वर्तुळातला, १९५० च्या दशकात त्याची लाकडी रिम आणि ॲल्युमिनियमच्या आऱ्यांची स्टिअरिंगं नावारूपाला आली. मोमो म्हणजे मोरेत्ती आणि मोन्झा, जानपिएरो मोरेत्ती नावाच्या रेसरने काढली, १९६४ मधे रेसर जॉन सर्टीजच्या फेरारीवर त्याचं स्टिअरिंग लागलं आणि सर्टीज त्याच वर्षी जगज्जेता झाला, याहून चांगली जाहिरात कुठली. हे लोक थेट गाडीच्या मालकाला विकत होते. मालकाने कंपनीचं स्टिअरिंग काढून यांचं लावायचं, मित्रांना दाखवायचं, त्यामुळे नाव पुढे पाहिजेच. आणि नाव पुढे असलं की नकल पण आलीच. नार्डी म्हणून जे काय विकतात त्यातलं किती खरं देव जाणे, तिथे सही बघत बसण्यापेक्षा पट्टी लावा, नार्डीच्या सहा बोल्टांचं वर्तुळ ७४ मिलिमीटरचं असतं आणि मोमोचं ७० चं. सही काढणाऱ्याचा हात या चार मिलिमीटरकडे जात नाही बऱ्याचदा.

गाडी कंपनीला विकणाऱ्याचं नशीब वेगळं. जर्मनीत आशाफेनबुर्गला पेट्री म्हणून कंपनी होती, फोक्सवॅगन, पोर्शे, किती जर्मन गाड्यांची स्टिअरिंगं तिने केली, मागे छोट्या अक्षरात पेट्री. अमेरिकेत इंडियानामधल्या पोर्टलंडची शेलर कंपनी, तिचंही तसंच. मामाकडे एक जीपचं स्टिअरिंग पण आहे, ते अजून उलटं केलेलं नाही, पण विलीज जीपला शेलरची स्टिअरिंगं असायची हे माहिती आहे. (फोर्डने केलेल्या जीपची गोष्ट उलटी, त्यांनी जवळजवळ प्रत्येक पार्टवर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, आपला एफ उठवला होता. कुणाचा पार्ट कुणाच्या माथी नको.) ही नावं गाडी चालवणाऱ्या एका माणसाला माहिती असतील तर शप्पथ. पेट्री २००० साली जपानच्या ताकाताने घेतली, आणि ताकाताचं नाव मात्र जगात सगळ्यांना कळलं. का, तर त्यांच्या एअरबॅगचे इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारे डबे, फुटून धातूचे तुकडे माणसांना लागले, माणसं गेली, कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मधे कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. स्टिअरिंगच्या पुढच्या बिल्ल्यावर होंडा होतं, टोयोटा होतं, पण बातमीत नाव मागच्याचं आलं. आमच्या धंद्यात पेपरात नाव येण्याचा एवढा एकच मार्ग आहे आणि कुणालाही तो नको असतो. त्या बातम्या चालू होत्या तेव्हा आमच्या प्लँटमधे ट्रेसेबिलिटीवर, म्हणजे कुठला पार्ट कुठून आला ते शोधता येण्यावर, मीटिंगांवर मीटिंगा झाल्या, मागच्या शिक्क्याचा आकार वाढवा म्हणून वरून सूचना आली. तोपर्यंत तो लहान करा म्हणूनच सांगत होते.

पद्मिनीचं पण बघा. फियाट अकराशेचं ते पातळ, फिकट रंगाचं स्टिअरिंग, गियर कॉलमला, हे मुंबईच्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकाने पाठीमागच्या सीटवरून पाहिलेलं आहे. टॅक्सीवाले त्याला रंगीत प्लास्टिकच्या दोरीने विणून काढायचे किंवा रेक्झिनचं कव्हर घालायचे कारण घामाने हात सटकायचा. १९५० च्या दशकात कुर्ल्याला ही गाडी सुरू झाली तेव्हा बिल्ला फियाटचा, १९७० च्या दशकात तीच गाडी आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली, मधला बिल्ला प्रीमियरचा. बाकी गाडी बहुतेक तीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या २०२३ मधे मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले, सगळे पुढून. भंगारात त्यांची स्टिअरिंगं अजून मिळतात, कुणाला मिळालं तर कव्हर कापा आणि मागून बघा.

आणि एक विनंती, म्हणजे भांडणच समजा. जुनं स्टिअरिंग हातात आलं की आपल्याकडे पहिला उत्साह ते चकचकीत करायचा असतो. हब बफिंगला देतात, बफिंगवाला चाकावर दोन मिनिटं धरतो आणि जे काही शिक्के, नंबर, फाइलच्या खुणा होत्या त्या गुळगुळीत करून टाकतो, मग वर क्रोम. दिसतं छान. मी ज्याच्याकडे तारांचं क्रोम करायला नेलं त्याला आधीच सांगितलं की हबची मागची बाजू टेप लावून सोडायची. तो म्हणाला साहेब अर्धवट दिसेल. म्हटलं दिसू दे. तो पितळेने जोडलेला बुश पण काढायचा नाही म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं की पैसे आधी मागून घ्यावेत की काय. रिमच्या भेगा तशाच ठेवल्यात. सेल्युलॉइड नव्याने चढवणारा इथे मला कुणी भेटला नाही आणि खरं सांगायचं तर मी फार शोधलाही नाही.

मग मामाला फोन केला. सांगितलं, नाव सापडलं, ब्ल्यूमेल, इंग्लंडची कंपनी, सायकलचे पंप करायची, ती कितीतरी गाड्यांना स्टिअरिंग द्यायची त्यामुळे एमजीचंच आहे असं काही म्हणता येत नाही.

मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "एमजीला कोण द्यायचं?"

म्हटलं, एमजीला पण तेच द्यायचे.

"मग झालं तर," म्हणाला, आणि जीपचं कधी नेतोस ते विचारायला लागला, भंगारवाला सोमवारी येणार होता.